फसफसायच्या आधी

मी दोन हिमायतनगरांचा माणूस आहे. एक नांदेड जिल्ह्यातलं, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं. तिथली म्हातारी माणसं त्याला अजून वाढोणाच म्हणतात. तिथे आमचं शेत आहे आणि शेतावर एक पडका आखाडा. दुसरं हिमायतनगर हैदराबादचं. नारायणगुडा मेट्रो स्टेशनला उतरून पायी घरी येता येतं इतक्या अंतरावर आमचा फ्लॅट आहे. कोणी गावाचं नाव विचारलं आणि मग राहण्याचं ठिकाण विचारलं, तर दोन्ही वेळा एकच उत्तर येतं आणि समोरचा गोंधळतो.

हैदराबादच्या हिमायतनगराला नाव मिळालं ते सातव्या निजामाच्या थोरल्या मुलावरून, आझम जाह म्हणजे मीर हिमायत अली खान यांच्यावरून. त्यांच्याच नावाचा हिमायतसागर. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली, आणि त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूर अडवण्यासाठी दोन तलाव ठरले. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्ये. पुढे शहर वाढलं तसं मंजिरेचं पाणी आलं, मग कृष्णा आणि गोदावरीचं. मंजिरा म्हणजे आपली मांजरा, बीडच्या डोंगरात उगवून लातूरकडून इकडे येणारी. माझ्या आईचं माहेर लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठी. नळाला पाणी आलं की ती अजून म्हणते, "आलं बघ माहेरचं."

हे पाण्याचं पुराण आधीच लावलं, कारण पुढे जे मी करायला गेलो त्यात धान्य आणि पाणी या दोनच गोष्टी होत्या.

कंपनीच्या कामासाठी मी दीड वर्ष अमेरिकेत, पोर्टलंडला होतो. तिथे ऑफिसमधला एक सहकारी घरच्या गॅरेजमध्ये बिअर करायचा. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३७८ लिटर, आणि तीही फक्त घरच्यासाठी, विकायची नाही. मी त्याच्याबरोबर दोन वेळा केली, पण डब्यातल्या तयार अर्कापासून. काकवीसारखा दाट माल्टचा अर्क पाण्यात ढवळायचा, हॉप्स टाकून उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं. सहकारी म्हणायचा, हे म्हणजे पोरखेळ. खरी बिअर अख्ख्या दाण्यापासून. आपल्या भाषेत सांगायचं तर इडलीचं रेडिमेड पाकीट आणि घरी तांदूळ-उडीद भिजवून वाटलेलं पीठ, एवढा फरक. दाण्यापासून करायचं राहून गेलं आणि मी परत आलो.

राहून गेलेल्या गोष्टी डोक्यात बसतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ऑफिसातल्या कोणाच्या तरी निरोप समारंभाला जुबिली हिल्समधल्या एका मायक्रोब्रुअरीत गेलो होतो. तेलंगण राज्य झाल्यावर इथे असे परवाने मिळू लागले. पुण्यात तर 'डूलाली'ने २००९ मध्येच सुरुवात केली होती, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. काचेपलीकडे स्टीलची मोठी पिंपं दिसत होती. मी बिअर पिण्यापेक्षा त्या पिंपांकडेच जास्त बघत होतो. शेवटी तिथल्या ब्रुअरने आत बोलावलं. पिंपाचं झाकण उघडून दाखवलं तर आत चक्क लापशी. गरम, गोडसर, भाजलेल्या पोळीचा वास येणारी लापशी! मी त्याला विचारलं, घरी करता येईल? तो हसला. म्हणाला, "लापशी करा की. पुढचं नको."

पुढचं का नको, ते घरी येऊन वाचलं. तेलंगणाचा १९६८ चा आबकारी कायदा परवान्याशिवाय दारू गाळायला किंवा आंबवायला परवानगी देत नाही, घरच्यासाठी थोडीशी केली तरी. महाराष्ट्रातही १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. आणि आबकारी हा आपल्या मराठवाड्याच्या माणसाला नवा शब्द नाही. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा मोठा पैसा जायचा, म्हणूनच १९४७ साली स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात शिंदीची झाडं तोडणं हासुद्धा सत्याग्रहाचा एक भाग झाला. आमच्या आजोबांनी अशी झाडं तोडली होती. ते ती गोष्ट सांगताना हातात अदृश्य कुऱ्हाड धरायचे.

त्याच आजोबांचा थोरला मुलगा, माझे मोठे काका, दारूने गेले. शेतातल्या आखाड्यावर मडक्यांत मोहाची फुलं सडत टाकलेली असायची. आपल्याकडे त्याला सडवाच म्हणतात, पेपरातही 'इतका लिटर सडवा नष्ट' अशी बातमी येते. काका गेले तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या घरात त्यानंतर बाटली आली नाही. मी बाहेर कधीमधी बिअर घेतो हे आईला माहीत आहे आणि आम्ही दोघेही ते बोलत नाही.

त्यामुळे खरी परवानगी आबकारी खात्याची नव्हती, आईची होती.

मी तिला सगळं समजावलं. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, कोमट पाण्यात तासभर ठेवायचे, गाळून उकळायचे. यीस्ट घालायचं नाही. म्हणजे दारू होतच नाही, गोड पाणी होतं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "हे तर सत्त्व झालं. बाळंतिणीला करतात तसलं." मग थोडं थांबून, "काय करायचं ते कर. पण फसफसायला लागलं की ओतून द्यायचं."

इथपर्यंत दोन आठवडे गेले.

पहिली चूक दुकानातच केली. हिमायतनगरच्या मेन रोडवर सुपरमार्केटमधून 'बार्ली' म्हणून पांढरे शुभ्र, गुळगुळीत दाणे आणले. दोन दिवस भिजवले, एकालाही मोड नाही. तिसऱ्या दिवशी वास येऊ लागला. आईने एक दाणा नखाने दाबून बघितला. "अरे, हे सोललेले आहेत. ह्याला काय कोंब येणार?" पॉलिश करताना टरफलाबरोबर अंकुरही जातो, हे इंजिनिअरला शोधायला तीन दिवस लागले. शिवाय टरफल नसेल तर पुढे गाळणंही कठीण, कारण पिंपाच्या तळाशी टरफलांचाच थर बसून गाळणी होते.

मग रविवारी बेगमबाजार. बेगमबाजार ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आपल्या जुन्या मोंढ्याला भांडी गल्ली जोडून तिथे दिवाळीची गर्दी सोडली आहे अशी कल्पना करावी. धान्याच्या दुकानात टरफलाचे जव मागितले तर शेठजींनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "पूजा के लिए, या घोड़े के लिए?" मी पूजा म्हणालो. दुसऱ्या उत्तराला भाव वेगळा असेल का, हा विचार नंतर आला. तीन-तीन किलोच्या दोन पिशव्या घेतल्या, पुढच्या गल्लीतून पंधरा लिटरचं स्टीलचं पातेलं, आणि डेअरीचं सामान विकणाऱ्याकडून दूध तपासायचं लॅक्टोमीटर. द्रवात साखर किती उतरली ते मोजायला ब्रुअर जी काचेची नळी वापरतात तिचं तत्त्व तेच आहे, आणि ही नळी कुठेही मिळते.

डिसेंबर होता, ही मोठीच मदत. जवाला कोंब फुटायला गारवा लागतो, पंधरा-अठरा अंश. हैदराबादला वर्षातून पाच-सहा आठवडेच रात्री तसा गारवा असतो. एरवी मे महिन्यात हे करायला गेलं तर धान्य कुजेल. दिवसातून दोनदा पाणी बदलत, मध्ये काही तास निथळत ठेवत, दोन दिवस भिजवलं. मग मी मटकीसारखं फडक्यात बांधून टांगायला निघालो, तर आईने अडवलं. "बांधू नको, कोंदेल. पसरून ठेव आणि चाळवत राहा." कोंब फुटणारं धान्य स्वतः गरम होतं. तिने सांगितलं ते पुस्तकातही आहे, फक्त पुस्तकात 'दर आठ तासांनी' असं लिहिलंय आणि आई येता-जाता हात फिरवायची. आमच्या सहा वर्षांच्या मुलाला वाटलं, पुन्हा घट बसलेत.

पाचव्या दिवशी दाणा उभा कापून बघितला. जवाचा कोंब बाहेर दिसत नाही. मुळं बाहेर येतात, पण कोंब टरफलाखालून वर सरकत जातो. तो दाण्याच्या पाऊण लांबीला पोचला की थांबवायचं. बी आता आपल्या पिठाची साखर करून झाड उभारायच्या तयारीत असतं. त्यासाठी लागणारे एन्झाइम त्याने बनवलेले असतात. आपण त्याच क्षणी त्याला वाळवून थांबवतो आणि ते एन्झाइम आपल्या कामाला लावतो. विचार केला तर थोडं दुष्टपणाचंच आहे.

आणि इथेच माझी दुसरी, मोठी चूक झाली. घाई. ओले मोड सरळ ओव्हनमध्ये ११० अंशांवर ठेवले. खमंग वास आला, रंग सुरेख आला. रविवारी भरडून ६६ अंशांच्या पाण्यात घातलं, गोधडीत गुंडाळलं, तासाने बशीत थेंब काढून त्यावर केमिस्टकडून आणलेल्या आयोडिनचा थेंब टाकला. पीठ शिल्लक असेल तर आयोडिन निळं-काळं होतं, सगळ्याची साखर झाली असेल तर त्याचा तांबूस रंग तसाच राहतो. काळंकुट्ट. दोन तासांनी काळंकुट्ट. तीन तासांनी बायको म्हणाली, "आता बास." ओल्या दाण्याला एकदम इतकी उष्णता दिली की एन्झाइम मरतात. सुकलेल्या दाण्यात ते तग धरतात. नऊ दिवसांचं काम चाळीस मिनिटांत भाजून काढलं होतं. ती पेज गच्चीवरच्या कुंड्यांना गेली.

त्या आठवड्यात वेळ अमावस्या आली. लातूरकडचे लोक तिला येळवस म्हणतात. शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खायचा दिवस. इथे शेत कुठलं, आई गच्चीवरच करते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात रात्रभर ठेवलं होतं. सकाळी झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे. मी मुद्दाम म्हणालो, "फसफसतंय की." ती म्हणाली, "हे आंबलंय. ते वेगळं." तिला लॅक्टिक आम्ल आणि यीस्ट यांतला फरक कोणी शिकवला नव्हता, पण तिची रेघ नेमकी तिथेच होती. आंबीलमध्ये ताकातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. दारूसाठी यीस्ट लागतं. अगदी शुद्ध शास्त्राने बघितलं तर रेघ इतकी स्वच्छ नसते, पण मी वाद घातला नाही. आंबील दोन पेले प्यायलो.

आंबिलीवरूनच ज्वारी डोक्यात आली. नायजेरियाने १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरींना ज्वारीकडे वळावं लागलं. दक्षिण आफ्रिकेत तर ज्वारीची बिअर परंपरेनेच चालत आलेली. आणि मी ज्या शहरात राहतो तिथे पाटणचेरूला १९७२ पासून इक्रिसॅट ही ज्वारीवर काम करणारी जागतिक संस्था आहे. अडचण एकच: ज्वारीचं पीठ फुलायला जवापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून ती आधी शिजवून घ्यावी लागते. म्हणजे काय, कण्या. कण्या कशा शिजवायच्या हे आमच्या घरात कोणाला विचारावं लागत नाही.

दुसरी पिशवी भिजवली. या वेळी मोड दोन दिवस पंख्याखाली, मग गच्चीत पांढऱ्या कापडाखाली सुकवले, आणि दाणा दाताखाली कडक वाजायला लागल्यावरच ओव्हनमध्ये, तेही ७० अंशांवर. आईने सुपात पाखडून वाळलेली मुळं उडवली. तीन किलोचं अडीचच्या आत राहिलं.

भरडायला गल्लीतल्या चक्कीवर गेलो. मिक्सरमध्ये पीठ होतं आणि पीठ गाळता येत नाही. चक्कीवाले चाचा गव्हाच्या पिठाने पांढरे झालेले.

"कित्ता मोटा होना?"

"बस टूटना चाहिए चाचा. आटा नक्को."

"दलिया?"

"दलिये से भी मोटा."

त्यांनी मूठभर घेऊन नाकाशी धरलं. "मीठी बास आरी. बच्चे के वास्ते?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं, प्यायला मुलगाही असणारच होता.

या वेळी आधी छोटी परीक्षा घेतली. वाटीभर कोमट, घट्ट कण्या घेतल्या, चमचा उभा राहील इतक्या. त्यात एक चमचा माल्टची पूड टाकून ढवळलं. मुलगा ओट्यावर बसून बघत होता. पाच मिनिटांत कण्या सैल झाल्या. दहा मिनिटांत वाटीत पातळ पेज, चमचा आडवा. पाणी एक थेंबही घातलं नव्हतं. मुलाने वाटीखाली बघितलं, काही लपवलंय का म्हणून. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात याच गुणावर काम केलं होतं: लहान बाळाला घट्ट लापशी गिळवत नाही आणि पाणी घालून पातळ केली तर पोषण कमी पडतं, तर त्यात मोड आलेल्या धान्याचं चिमूटभर पीठ घालायचं. लापशी पातळ होते, धान्य तेवढंच राहतं. मला पोर्टलंडच्या गॅरेजमध्ये जे कळलं नव्हतं ते त्या वाटीत दिसलं. आई म्हणाली, "गोड लागतंय," आणि उरलेली वाटी संपवली.

मग मुख्य काम. दोन किलो भरड सहा लिटर पाण्यात, ५८ अंशांवर. अर्धा किलो ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवून गरमच ओतल्या, तर काटा ६६ वर येऊन थांबला. हा हिशेब मी स्प्रेडशीटवर केला होता आणि बरोबर आल्याचा आनंद ऑफिसात कुठल्याही रिलीजला झाला नाही एवढा झाला. पासष्टच्या आसपास एक एन्झाइम लहान साखर तोडतो, सत्तरीकडे दुसरा मोठे तुकडे पाडतो. मधलं तापमान धरलं की दोघंही काम करतात. गोधडी, वर आईची जुनी वाकळ, वर उशी. तासाने बशी काढली. थेंब टाकला.

तांबूस. तांबूसच राहिला.

मी दुसरी बशी घेतली, तिसरी घेतली. बायको म्हणाली, आता आयोडिन संपेल.

धुतलेल्या पंचातून गाळलं, वरून गरम पाणी सोडून धान्यात अडकलेला गोडवा धुवून घेतला, तासभर उकळलं. हॉप्सच्या जागी सुंठ, शेवटी लिंबू. साडेनऊ लिटर, मधाच्या रंगाचं. लॅक्टोमीटर चाळीसच्या रेघेच्या जरा खाली बुडालं. चांगल्या, साध्या बिअरची सुरुवात ब्रुअर साधारण इथूनच करतात. इथे पोर्टलंडचा सहकारी यीस्टचं पाकीट फोडायचा. मी बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

संध्याकाळी गच्चीवर सगळ्या मजल्यांना एकेक पेला. बालाजी मंदिराकडून गर्दीचा आवाज येत होता, हुसेनसागराकडून गार वारा. दुसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू काकू म्हणाल्या, ही तर रागीजावा, फक्त गाळलेली. चाचांना बाटली नेऊन दिली. मुलाने तीन पेले घेतले आणि जेवला नाही. कोणी फार वाहवा केली नाही. मला वाटतं थोडं जास्तच गोड होतं. गोडव्याला तोल आणणारं काहीतरी त्यात कमी होतं, आणि ते काय हे मला ठाऊक होतं.

एक बाटली चुकून ओट्याखाली राहिली. चार दिवसांनी मी लॅपटॉपवर कॉलमध्ये होतो. स्वयंपाकघरातून 'फिस्स' असा आवाज आला. आत गेलो तर आईच्या हातात बूच होतं आणि बाटलीच्या तोंडाशी फेस. हैदराबादच्या हवेत यीस्टला पाकीट लागत नाही.

तिने बाटली नाकाशी नेली. मला वाटलं लगेच ओतेल. ती तशीच उभी राहिली.

"आखाड्यावर असाच वास यायचा," ती म्हणाली. "तुझ्या काकांना डबा घेऊन मीच जायचे."

हे मला माहीत नव्हतं. काकांकडे डबा कोण न्यायचं, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

मग तिने बाटली सिंकमध्ये उपडी केली, नळ सोडला, दोनदा विसळली, आतून वास घेतला, तिसऱ्यांदा विसळली आणि खिडकीत वाळत घातली. बाटली चांगली होती.